छोट्या विमानातली रेडिओची खरखर आणि इंटरकॉमची वायरिंग: दोष शोधायचा कसा

तक्रारवहीत ‘रेडिओ खरखरतो’ एवढीच नोंद पडते आणि हँगरमध्ये पहिलं काम होतं ते रेडिओ ट्रेमधून ओढून काढण्याचं. तो वर्कशॉपला जातो, तिथल्या टेबलावर उत्तम चालतो, ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी घेऊन परत येतो आणि पहिल्याच उड्डाणात पुन्हा खरखरायला लागतो. सेसना १५२ किंवा १७२ सारख्या विमानात अशा तक्रारींचं मूळ रेडिओच्या डब्यात क्वचितच असतं. ते हेडसेटच्या जॅकच्या वॉशरमध्ये असतं, इंजिनाच्या ग्राउंड पट्टीत असतं, अँटेनाच्या बुडाशी असतं, नाहीतर कुणीतरी लायटरच्या सॉकेटमध्ये खोचून ठेवलेल्या मोबाइल चार्जरमध्ये असतं. म्हणून आधी कान, मग स्विच, मग मल्टीमीटर आणि सगळ्यात शेवटी हत्यारं, हा क्रम मोडू नका.

बाहेरचा आवाज इतक्या सहज आत का शिरतो, तेही समजून घ्यायला हवं. विमानांचा बोलण्याचा व्हीएचएफ पट्टा ११८ ते १३६.९७५ मेगाहर्ट्झचा, आणि त्यावर आजही एएम पद्धत चालते. एएममध्ये बोलणं लहरीच्या उंचीतल्या चढउतारात असतं. कुठे ठिणगी पडली, मोटारीचा ब्रश घासला, की तोही चढउतारच असतो, आणि रिसीव्हर दोन्हींत भेद करू शकत नाही. तरीही विमानक्षेत्राने एएम सोडलेली नाही. दोन विमानं एकाच वेळी बोलली तर एएमवर सरमिसळ आणि शिट्टी ऐकू येते आणि कुणाचं तरी बोलणं दबलं हे कंट्रोलरला कळतं. एफएमवर जोरकस सिग्नल कमकुवत सिग्नलला पत्ता न लागू देता गिळतो.

कामाला हात लावण्यापूर्वी

यातल्या बऱ्याच चाचण्या इंजिन चालू ठेवून कराव्या लागतात. विमान मोकळ्या जागी, चाकांना ब्रेक, कंट्रोलवर पात्र वैमानिक, आणि प्रोपेलरच्या आसपास कुणीही नाही. इंजिन चालू असताना काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आत हात, मीटर किंवा हातातला रेडिओ न्यायचा नाही. इंजिन बंद असलं तरी मॅग्नेटो (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) जिवंत आहे असंच समजायचं. पी-लीड (मॅग्नेटो बंद करणारी वायर) तुटलेली असेल तर किल्ली काढून घेतली तरी मॅग्नेटो बंद झालेला नसतो, आणि प्रोपेलर हाताने थोडा फिरवणंही जिवावर बेतू शकतं.

कुणी काय करायचं हेही ठरलेलं असावं. ऐकणं, स्विच चालू-बंद करून पाहणं, हेडसेट बदलून पाहणं आणि नीट नोंद करणं ही कामं वैमानिक आणि प्रशिक्षणार्थी करू शकतात. वायरिंग उघडणं, जॅक बदलणं, अँटेना काढणं हे परवानाधारक एएमईचं (विमान देखभाल अभियंत्याचं) काम आहे आणि ते त्या विमानाच्या मेंटेनन्स मॅन्युअलप्रमाणे आणि वायरिंग आकृतीप्रमाणेच व्हायला हवं. एकाच मॉडेलच्या दोन विमानांतही नंतर बसवलेला इंटरकॉम वेगळा असतो, त्यामुळे शेजारच्या विमानाची आकृती चालत नाही.

तक्रार नीट लिहून घ्या

वैमानिकाशी पाच मिनिटं बोललात तर पाच तास वाचतात. इंजिन बंद असतानाही खरखर असते का? आरपीएम वाढवला की आवाजाची पट्टी चढते का? दोन्ही रेडिओंवर येते की एकावरच? दोन्ही सीटवर ऐकू येते का? ऐकताना त्रास होतो, की बोलताना? बोलताना असेल तर स्वतःला ऐकू येते, की टॉवरने सांगितलं? पावसात, ढगात किंवा धुळीत वाढते का? ठरावीक जागी उभं असतानाच येते का?

शेवटचा प्रश्न सगळेच विसरतात. हँगरमधल्या एलईडी ट्यूबा आणि त्यांचे स्वस्त ड्रायव्हर व्हीएचएफ पट्ट्यात भरपूर कचरा फेकतात. विमान ढकलून एप्रनच्या (विमानं उभी करायच्या जागेच्या) दुसऱ्या टोकाला न्या. खरखर गेली, तर विमानात दोष नाही आणि दिवस वाचला.

हेडसेटपासून सुरुवात

चांगला चालणारा दुसरा हेडसेट त्याच जॅकमध्ये लावा आणि संशयित हेडसेट दुसऱ्या सीटवर लावा. आवाज हेडसेटबरोबर गेला की जॅकपाशीच राहिला, एवढ्या एका चाचणीत अर्धी वाट कापली जाते. प्लग बसलेला असताना बोटाने हळूच फिरवा. कडकड आवाज आला तर प्लगवर मळ आहे किंवा जॅकमधली पट्टी ढिली पडली आहे.

सामान्य विमानात माइकचा प्लग बारीक, ५.२ मिलिमीटरचा असतो आणि कानाचा जाड, ६.३५ मिलिमीटरचा. जाड प्लग अर्धवट बसला तरी थोडा आवाज येत राहतो, त्यामुळे फसायला होतं. शेवटपर्यंत दाबा. मोनो प्लग स्टिरिओ जॅकमध्ये घातला, की त्याची लांब दांडी उजव्या चॅनेलला थेट ग्राउंडशी जोडते. काही इंटरकॉम हे सहन करतात, काहींत सगळ्यांचाच आवाज बसतो. हेडसेटवर मोनो-स्टिरिओचा छोटा स्विच असेल तर तो आधी पाहा. आवाज कापणाऱ्या हेडसेटची बॅटरी उतरत आली की तोही घरघरतो.

माइकची जागा ही तर रोजची तक्रार. गोंगाट कापणारा माइक ओठांपासून जेमतेम पाच-सहा मिलिमीटरवर हवा आणि त्याची बोलायची बाजू ओठांकडे हवी. तो हनुवटीखाली लोंबत असेल तर वैमानिक इंटरकॉमचा स्क्वेल्च (ठरावीक पातळीखालचा आवाज अडवणारी सोय) उघडतो, मग इंजिनाचा सगळा आवाज कानात येतो आणि वहीत ‘इंटरकॉममध्ये गोंगाट’ अशी नोंद होते.

स्विचने शोध

इंजिन बंद, मास्टर चालू, एव्हिऑनिक्स चालू. रेडिओचा स्क्वेल्च हाताने उघडा. एकसारखा ‘श्श्श’ आवाज येईल. तो दोष नव्हे, सिग्नल नसताना रिसीव्हर असाच ऐकू येतो. हा आवाज लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी तुलना त्याच्याशी करायची आहे.

आता लायटर सॉकेटमधलं सगळं उपटा. यूएसबी चार्जरमधला स्विचिंग रेग्युलेटर हा आजच्या विमानातला सगळ्यात मोठा गुन्हेगार आहे. त्याचा आवाज बहुधा ठरावीक फ्रिक्वेन्सींवर येतो, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर नसतो, म्हणून तो रेडिओचाच दोष वाटतो. नंतर एकेक उपकरण चालू-बंद करत जा: स्ट्रोब, बीकन, लँडिंग लाइट, फ्युएल पंप, टर्न कोऑर्डिनेटर, ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं उपकरण). ज्याला स्विच नाही त्याचा सर्किट ब्रेकर ओढा. जमिनीवर हे निर्धोक आहे, फक्त शेवटी सगळे ब्रेकर आत गेले की नाही हे मोजून पाहा. झेनॉन स्ट्रोबची खूण पक्की असते: चढत जाणारी बारीक शिट्टी, लखलखाट, पुन्हा शिट्टी. टर्न कोऑर्डिनेटरची छोटी मोटर एकसुरी किणकिणते. मोबाइलची ‘टिडिट टिडिट’ सगळ्यांना ठाऊक आहे. फोन बंद करून पुढे जा.

आता इंजिन चालू करा. आधी १०००, मग १८०० आरपीएम. इथे दोनच मोठे संशयित आहेत आणि त्यांचे आवाज वेगळे आहेत. अल्टरनेटरची अखंड शिट्टी असते आणि आरपीएमबरोबर तिची पट्टी चढते. मॅग्नेटोची टकटक असते, जी वेगाबरोबर दाट होत जाते. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एक मॅग्नेटो प्रोपेलरच्या दर फेऱ्यात दोन ठिणग्या देतो, म्हणजे १८०० आरपीएमला सेकंदाला ६०.

अल्टरनेटरचा संशय असेल तर आधी मोठे लाइट बंद करा, आरपीएम कमी ठेवा आणि मास्टर स्विचचा फक्त ‘अल्ट’ भाग काही सेकंद बंद करा. शिट्टी त्याच क्षणी थांबली तर उत्तर मिळालं. मॅग्नेटोचा संशय असेल तर नेहमीची मॅग-चाचणी करा, पण डोळे आरपीएमवर न ठेवता कान हेडसेटकडे ठेवा. किल्ली डावीकडे नेल्यावर उजवा मॅग्नेटो बंद होतो. टकटक गेली, तर दोष उजव्या बाजूला.

व्हॉल्यूमची चाचणी

या चाचणीला मी सगळ्यात जास्त किंमत देतो, कारण तिला हत्यार लागत नाही आणि ती शोधाची जागा अर्धी करते. आवाज येत असताना रेडिओचा व्हॉल्यूम शून्यावर न्या.

आवाज गेला, तर तो रेडिओच्या आतून, म्हणजे बहुधा अँटेनामार्गे हवेतून येतो आहे. आवाज तसाच राहिला, तर रेडिओचा त्याच्याशी संबंध नाही. तो इंटरकॉम, हेडसेटच्या वायरी, ग्राउंड किंवा वीजपुरवठ्यातून शिरतो आहे. आवाज फक्त पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबल्यावर येत असेल, तर कारण माइकची वायर किंवा अँटेनाकडून परतणारी आरएफ (रेडिओ लहरींची) ऊर्जा. प्रक्षेपण बाहेर कसं जातं हे ऐकायला एक माणूस हातातला एअरबँड रेडिओ घेऊन दूर उभा करा. चाचणीचं बोलणं थोडक्यात, टॉवर असेल तर परवानगीने, आणि १२१.५ वर, म्हणजे आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर, कधीही नाही.

हवेतून येणाऱ्या आवाजाची खातरी करायला अँटेनाचा बीएनसी कनेक्टर काढून नुसतं ऐकता येतं. आवाज थांबला तर तो अँटेनानेच पकडला होता. अँटेना जोडलेला नसताना पीटीटी मात्र दाबू नका, ट्रान्समीटर जळू शकतो.

ग्राउंड: खरं दुखणं इथे असतं

इंजिन माउंटवर रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं. म्हणजे विजेच्या दृष्टीने ते विमानापासून जवळपास तुटलेलं. स्टार्टरचा आणि अल्टरनेटरचा सगळा प्रवाह परत येतो तो इंजिन आणि फायरवॉल यांच्यामधल्या विणलेल्या ग्राउंड पट्टीतून. ती पट्टी तेलकट, गंजलेली किंवा ढिली असेल तर प्रवाह दुसरी वाट शोधतो: थ्रॉटलची केबल, पी-लीडचं शील्ड (वायरीवरचं धातूच्या जाळीचं आवरण), मिळेल ते. मग एका टोकाच्या ग्राउंडमध्ये आणि दुसऱ्या टोकाच्या ग्राउंडमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि तो अल्टरनेटरच्या तालावर नाचतो. माइकचा सिग्नल मुळात एक व्होल्टच्या आतला. त्यात हा फरक मिसळला की शिट्टी तयार.

म्हणून शिट्टी ऐकली की लगेच फिल्टर कॅपॅसिटर बसवू नका. आधी ही पट्टी सोडवा, दोन्ही टोकं उघड्या धातूपर्यंत स्वच्छ करा, मॅन्युअलप्रमाणे घट्ट करा. साधा मल्टीमीटर इतका कमी रोध नीट मोजू शकत नाही, त्यासाठी मिलिओहम-मीटर लागतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल आणि रेडिओ ट्रेचं ग्राउंड यांनाही हीच वागणूक द्या. त्यानंतरही शिट्टी उरली तर अल्टरनेटरचा डायोड तपासा. एक डायोड गेला तरी चार्जिंग बरंच चालू राहतं आणि ॲमीटर काही सांगत नाही, पण बसवर, म्हणजे विमानाच्या मुख्य वीजवाहिनीवर, तरंग वाढतात. फ्लाइंग स्कूलमध्ये एक मोठी सोय असते: त्याच जातीचं निरोगी विमान शेजारी उभं असतं. दोन्हींवर सारख्याच आरपीएमला, सारख्याच लोडवर, केबिनमधल्या सॉकेटपाशी मीटर एसी व्होल्टवर ठेवून मोजा. मोठा फरक दिसला तर डायोडचा संशय पक्का.

मॅग्नेटोच्या बाजूला पी-लीडचं शील्ड, इग्निशन हार्नेसचं शील्ड, त्याचे नट आणि स्पार्क प्लग पाहा. विमानातल्या प्लगमध्ये रेझिस्टर असतो. तो बिघडला की इंजिनही कुरकुरतं आणि रेडिओही.

इंटरकॉमची वायरिंग, एकेक धागा

माइकच्या प्लगला तीन भाग असतात. टोकावर पीटीटी, मधल्या कड्यावर माइकचा आवाज, दांडीवर ग्राउंड. जॅकच्या मागच्या तीन पायांपैकी कोणता कशाचा, हे डोळ्यांनी ठरवू नका. एक सुटा प्लग जॅकमध्ये घाला आणि त्याच्या टोकापासून पायापर्यंत मीटरने कंटिन्युइटी पाहा. वायरींच्या रंगावरही जाऊ नका; विमानातली वायर बहुतेक पांढरीच असते, ओळख पटते ती छापलेल्या क्रमांकावरून.

सगळ्यात मोलाची तपासणी जॅकच्या इन्सुलेशनची. जॅक धातूच्या पॅनेलमध्ये बसतो, पण त्याच्या दांडीचं ग्राउंड पॅनेलला लागता कामा नये. म्हणून दोन्ही बाजूंनी फायबरचे किंवा नायलॉनचे खांदेवाले वॉशर असतात. ते तडकतात, कुणीतरी नट बदलताना हरवतात. मग माइकचं ग्राउंड दोन जागी होतं, इंटरकॉमपाशी एक आणि पॅनेलपाशी दुसरं, आणि त्या फेऱ्यात विमानभरचे प्रवाह घुसतात. तपासण्याची पद्धत: वीज बंद, हेडसेट काढलेले, इंटरकॉमचा मागचा कनेक्टर सोडवलेला. आता जॅकची दांडी आणि विमानाचा सांगाडा यांच्यामध्ये मीटर लावा. काहीच जोड दिसता कामा नये. कनेक्टर न सोडवता मोजलंत तर इंटरकॉममधूनच जोड दिसेल आणि चांगला जॅक विनाकारण काढला जाईल.

शील्डचा नियम असाच: इंटरकॉमच्या टोकाला जोडायचं, जॅकच्या टोकाला कापून श्रिंक-ट्यूबने झाकायचं. शील्ड हीच परतीची वायर असेल तर ती जॅकच्या दांडीला जाते, पण तेव्हाही सांगाड्याला लागत नाही.

जोडणी परत केल्यावर वीज चालू करून, माइक न लावता, कडं आणि दांडी यांमध्ये डीसी व्होल्ट मोजा. माइकला चालवणारा हा बायस साधारण ८ ते १६ व्होल्टच्या घरात असतो आणि माइक लावला की उतरतो. शून्य आलं तर वायर तुटली आहे किंवा कुठे ग्राउंडला लागली आहे. मग वीज बंद करून पीटीटीचं टोक आणि दांडी यांमध्ये ओहम मोजा: दाबल्यावर जवळपास शून्य, सोडल्यावर अनंत. हे मोजताना योक (विमान वळवायचं हँडल) पूर्ण पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे फिरवत राहा. योकमधून जाणारी पीटीटीची वायर रोज शेकडो वेळा वाकते आणि आतल्या आत तुटते. मधोमध ठेवलेल्या योकवर ती ठणठणीत दिसते.

दोन सीटच्या वायरी उलटसुलट झाल्या तर लक्षण विचित्र असतं: प्रशिक्षक पीटीटी दाबतो आणि बाहेर जातो विद्यार्थ्याचा आवाज. म्हणून प्रत्येक सीटची पीटीटी दाबून दोघांनीही बोलून पाहायचं, बाहेर फक्त दाबणाऱ्याचाच आवाज गेला पाहिजे. बऱ्याच इंटरकॉममध्ये वीज गेली की वैमानिकाचा हेडसेट थेट रेडिओला जोडला जातो. ती सोय असेल तर इंटरकॉम बंद करून तीही तपासा. वायरिंग करताना ती चुकली असेल तर ते एरवी कधीच कळत नाही, कळतं ते हवेत.

बोलताना किंचाळी आणि पावसातली फुसफुस

पीटीटी दाबताच कानात किंचाळी किंवा गुरगुर येते, काही फ्रिक्वेन्सींवर जास्त, आणि माइकची वायर हाताने धरली की बदलते: ही अँटेनाकडून परत फिरलेली आरएफ ऊर्जा. आधी अँटेना उतरवा. बुडाखाली गंज असेल तर अँटेनाला विमानाच्या पत्र्याचं ग्राउंड मिळत नाही. १२७ मेगाहर्ट्झला पाव लहर साधारण ५९ सेंटिमीटरची. तेवढ्या त्रिज्येचा पत्रा अँटेनाभोवती असला तर उत्तम. कापडी आवरणाच्या विमानात आतून धातूची पट्टी द्यावी लागते. मग बीएनसी कनेक्टर आणि कोॲक्स (अँटेनाची शील्डवाली केबल) पाहा, आणि कोॲक्स माइकच्या वायरींसोबत एकाच जुडग्यात बांधलेली असेल तर वेगळी करा. वायरीवर आरएफ अडवणारा फेराइटचा मणी शेवटी.

जुहूसारख्या समुद्रकाठच्या धावपट्टीवर खारा वारा अँटेनाच्या बुडाशी आणि जॅकमध्ये हिरवा गंज आणतो. पावसाळ्यात सकाळी खरखर आणि दुपारी ऊन पडल्यावर गायब, असं होत असेल तर अँटेनाच्या बुडाचं सीलंट फाटलेलं आहे. पाऊस, ढग किंवा उन्हाळी धूळ यांतून उडतानाच फुसफुस वाढते आणि बाहेर पडताच थांबते, तेव्हा विमानावर साचणारा विद्युतभार कारण असतो. तिथे एलेरॉन, फ्लॅप, एलिव्हेटर आणि रडर यांच्या बिजागरींवरच्या बाँडिंग पट्ट्या पाहा, आणि स्टॅटिक विक (साचलेला भार हवेत सोडणाऱ्या काड्या) असतील तर त्या तुटल्या-झिजल्या आहेत का ते पाहा.

हवेत असताना

आकाशात दोष शोधत बसायचं नाही. विमान उडवा, मग एवढंच पाहा: ट्रान्समिटचा दिवा अडकून पेटलेला आहे का, दुसरा रेडिओ चालतो का, इंटरकॉम बंद करून काही होतं का, दुसऱ्या सीटच्या जॅकमधून किंवा हातातल्या माइकने बोलता येतं का. नाही जमलं तर ट्रान्सपाँडरवर ७६०० हा कोड आणि रेडिओ निकामी झाल्यावरची ठरलेली पद्धत.

दुरुस्तीनंतर

मुलामा दिलेल्या प्लगवर सँडपेपर घासू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड पुरे. ढिला जॅक वाकवून घट्ट करण्यापेक्षा बदला. क्रिंप योग्य हत्यारानेच, आणि वायरला ताण बसणार नाही अशी बांधणी. पॅनेलमागे नवी वायर ओढली असेल तर ती कंट्रोलच्या साखळीला किंवा केबलला कुठेही लागता कामा नये. योक आणि पेडल टोकापासून टोकापर्यंत फिरवताना दुसऱ्या माणसाने टॉर्च घेऊन आत पाहत राहावं. होकायंत्राजवळच्या वायरी हलल्या असतील तर त्याचं विचलन तपासा. पी-लीडला हात लागला असेल तर इंजिन बंद करण्यापूर्वी आयडलला किल्ली क्षणभर ‘ऑफ’वर नेऊन दोन्ही मॅग्नेटो खरंच बंद होतात याची खातरी करा.

मग मूळ तक्रार ज्या स्थितीत आली होती तीच पुन्हा उभी करा: तोच आरपीएम, तेच लाइट, तीच फ्रिक्वेन्सी, तोच हेडसेट. लॉगबुकात ‘रेडिओ तपासला, ठीक’ असं न लिहिता कोणत्या जॅकचा वॉशर बदलला, कोणती पट्टी साफ केली, बायस किती आला, बसवरचा एसी व्होल्ट किती मोजला हे आकड्यांसह लिहा. सहा महिन्यांनी त्याच विमानात पुन्हा शिट्टी ऐकू आली तर पुढचा माणूस या आकड्यांपासून सुरुवात करेल.